घडी कोणाच्या हातीं?

गेल्या उन्हाळ्यांत माझा एक जुना विद्यार्थी घरीं भेटावयास आला. तो आतां मुंबईस वास्तुशास्त्राचा व्यवसाय करतो. पण मूळचा आमच्या जळगांव जामोदचाच असल्यामुळें गांवासाठीं कांहीं करावें ही त्याची इच्छा मनापासूनची आहे. चहापाणी झाल्यावर त्यानें आपल्या मोबाईलवर मला कांहीं चित्रें दाखविलीं. चौकांतील एका भिंतीला लागून रंगीत लांकडी फळी उभी आहे. वाटसरूनें ती ओढली कीं तिचा बांक होतो; आणखी एक घडी उलगडली कीं बांकापुढें मेज येतें; माणूस उठून गेला कीं तें सारें पुन्हां भिंतीशीं चपटें होऊन राहतें. कांहीं आसनांवर बसतांक्षणीं दिवे लागतात, कांहींतून सूर निघतात. अशा वस्तूंस ‘इंटरॅक्टिव्ह फर्निचर’ म्हणतात, आणि त्या रस्त्यावर कलाकृति म्हणून मांडल्या म्हणजे त्यांस मांडणशिल्प ही पदवी मिळते, असें त्यानें मला समजावून सांगितलें. “सर, असें एखादें आपल्या बसस्थानकाजवळ झालें तर काय बहार होईल!” असें तो शेवटीं म्हणाला. जवळ बसलेल्या चार मंडळींनीं माना डोलावल्या. माझी मान हलली नाहीं. पण कां हलली नाहीं हें मला त्या वेळीं नीट सांगतां आलें नाहीं, आणि “पाहूं” एवढेंच म्हणून मीं वेळ मारून नेली. तें राहिलेलें उत्तर आज देतों. तें चारचौघांत देण्याचें कारण असें कीं, अशींच चित्रें पाहून आपलीं गांवें सजवावयास निघालेला तो एकटाच नाहीं.

प्रथम एक गैरसमज दूर करतों. घडीच्या सामानाशीं माझें वैर नाहीं. आपल्या घरांत तें पिढ्यान्‌पिढ्या नांदत आलें आहे. पोथी ठेवावयाची लांकडी घडी घ्या. एकाच फळीच्या पोटांतून, खिळा किंवा बिजागरी न लावतां, एकमेकींत अडकलेल्या दोन पाकळ्या कोरून काढावयाच्या, हें कसब ज्या सुतारानें प्रथम साधलें त्याला कोणत्याहि प्रदर्शनांत पहिलें पारितोषिक मिळालें असतें. जुन्या बाजारपेठेंतील दुकानाच्या फळ्या घ्या. सकाळीं एकेक फळी खांचेंतून काढून आंत रचली कीं भिंतीचें दुकान होतें, आणि रात्रीं त्याच फळ्या ओळीनें लावल्या कीं दुकानाची पुन्हां भिंत होते. लग्नाच्या मांडवांतील लोखंडी घडीच्या खुर्च्या तर आपल्यापैकीं प्रत्येकाच्या बोटाला एकदां तरी चावल्या असतील. तेव्हां घडी ही चीज नवी नाहीं आणि वाईटहि नाहीं.

परंतु या सर्व वस्तूंत एक गोष्ट समान आहे. घडी घालणारा कोण हें प्रत्येक ठिकाणीं ठरलेलें आहे. पोथीची घडी पोथी वाचणारा उलगडतो व तोच मिटतो. दुकानाच्या फळ्या दुकानदार काढतो व लावतो. मांडवांतील खुर्च्या मंडपवाल्याचा माणूस मांडतो, आणि पंगती उठल्या न उठल्या तोंच गोळाहि करूं लागतो. चौकांतील आसनाला असा मालक नसतो. तें सर्वांचें असतें. आणि सर्वांच्या वस्तूची घडी कोणाच्या हातीं असावी, हा साधा प्रश्न त्या सुंदर चित्रांत कोठेंच विचारलेला नाहीं. आसन उलगडणारा हंसतमुख तरुण चित्रांत दिसतो. त्याला कुलूप घालणारा दिसत नाहीं. ज्या वस्तूला मिटतां येतें तिला आज ना उद्यां कडी लागते, कडीला कुलूप लागतें, आणि कुलपाची किल्ली ज्याच्या कमरेला असते तो नेमका जेवावयास घरीं गेलेला असतो. सार्वजनिक स्वच्छतागृहें, वाचनालयें आणि बागा यांच्या दारांशीं ज्यानें हेलपाटे घातले आहेत त्याला हें अधिक फोड करून सांगावयास नको.

हें भय काल्पनिक आहे असें कोणी म्हणेल. तें एका कलावंतानेंच प्रत्यक्ष करून दाखविलें आहे. फाबियान ब्रुन्सिंग या जर्मन कलावंतानें २००८ सालीं एक बांक तयार केला. त्याच्या बैठकीवर लोखंडाचे अणकुचीदार खिळे वर आलेले असत. फटींत नाणें टाकलें कीं खिळे खालीं जात व बसतां येई. ठराविक वेळ संपली कीं ते पुन्हां वर येत. बसणाऱ्याच्या कृतीला उत्तर देणाराच हा बांक; तेव्हां यालाहि ‘इंटरॅक्टिव्ह’ म्हणणें भाग आहे. ब्रुन्सिंगनें तो उपहास म्हणून केला होता. परंतु बसणाऱ्याला अटकाव करण्याची कल्पना इतरांनीं अगदीं गंभीरपणें अमलांत आणली आहे. लंडनमधील कॅम्डन भागासाठीं २०१२ सालीं कॉंक्रीटचा जो बांक घडविला गेला, त्याचे पृष्ठभाग मुद्दाम उतरते ठेवले होते; त्यावर कोणास निजतां येऊं नये हा त्यांतील एक हेतु. मुंबईंत फोर्ट भागांतील एका बँकेच्या शाखेबाहेर २०१८ सालीं लोखंडी सुळे बसविण्यांत आले, आणि लोकांनीं ओरड केल्यावर ते काढावे लागले. आसनें घडविणारांची किती तरी बुद्धि आज माणसाला बसूं न देण्याकडे खर्च होत आहे. अशा काळांत मिटतां येणारें आसन रस्त्यावर आणणें म्हणजे नको त्या हातांत आयतें हत्यार देणें होय. सुळे ठोकले तर वर्तमानपत्रांत ओरड तरी होते. आसनाची घडी मिटून ठेवली तर तें कोणाच्या लक्षांतहि येत नाहीं.

माझा विद्यार्थी हुशार आहे. तो म्हणेल, घडीचें आसन सर्वांच्या वापरांत सुखानें नांदल्याचें उदाहरण आपल्याच देशांत आहे. आहे खरें, आणि तें मीच होऊन पुढें करतों. आगगाडीचा शयनयानाचा डबा पाहा. बाजूच्या दोन समोरासमोरच्या बैठकांच्या पाठी आडव्या पाडल्या कीं त्यांची एक शय्या होते. पलीकडच्या बाजूस मधला बर्थ दिवसां बसणारांच्या पाठीशीं लोंबत असतो. रात्रीं तो उचलून सांखळीला अडकविला कीं त्यावर एक माणूस निजतो. यांत दिवे नाहींत आणि सूरहि नाहींत. सूर निघालेच तर ते घोरण्याचे. तरी देखील ज्याला दोन अक्षरें वाचतां येत नाहींत असा प्रवासीहि ही घडी बिनचूक घालतो. हें कशामुळें साधलें? एक तर घडी जो वापरणार त्याच्याच हातांत ती आहे. दुसरें, ती केव्हां घालावी याचा नियम आहे: रात्रीं १० पासून सकाळीं ६ पर्यंत. पूर्वीं ही वेळ रात्रीं ९ पासून होती. २०१७ सालीं ती बदलली. मधल्या प्रवाशानें बर्थ लौकर उघडला आणि खालच्या म्हाताऱ्याला मान वांकवून बसावें लागलें, म्हणजे जें भांडण जुंपतें तें याच नियमाच्या आधारानें मिटतें. तिसरें, सांखळी तुटली तर ती सांधणारें खातें आहे. आणि चौथें, ज्याकडे माझ्या विद्यार्थ्यानें विशेष लक्ष द्यावें: ही घडी तिकिटावर जागेचा आंकडा लिहून मिळालेल्या माणसांसाठीं आहे. जेथें गर्दी सर्वांत जास्त आणि जागेचा हक्क सर्वांत कमी, त्या अनारक्षित डब्यांत निजावयाची घडी नाहीं. तेथें उघडी बैठक आहे, आणि तिच्यावर मावतील तितके बसतात. आमचें बसस्थानक हें त्या अनारक्षित डब्याचें भावंड आहे.

तें कसें, हें पाहावयाचें तर थोडें गांवाविषयीं सांगितलें पाहिजे. जळगांव जामोद हें बुलढाणा जिल्ह्याच्या उत्तर टोंकास, सातपुड्याच्या पायथ्याशीं वसलेलें तालुक्याचें गांव. खानदेशांतील जळगांवाशीं घोटाळा होऊं नये म्हणून जवळच्या जामोदचें नांव त्याला जोडून घेतात. येथें रेल्वे नाहीं. आगगाडीनें येणाऱ्यानें नांदुऱ्यास उतरावें आणि पुढें रस्त्यानें यावें. तेव्हां बसस्थानक हीच या गांवाची वेस. डोंगरांतील पाड्यांवरून भिलाला, कोरकू मंडळी बाजाराला, दवाखान्याला, तहसील कचेरीला येतात तीं येथेंच उतरतात आणि परतीच्या गाडीसाठीं येथेंच थांबतात. मे महिन्यांत वऱ्हाडांतला पारा ४४-४५ अंशांवर जातो. उन्हांतल्या लोखंडाला हात लावला तर कातडी भाजते, आणि काळ्या मातीचा फुफाटा प्रत्येक फटींत जाऊन बसतो. ज्या बिजागरीवर त्या चित्रांतील सारें सौंदर्य अवलंबून आहे ती बिजागरी या फुफाट्यांत आणि पुढच्या पावसाळ्यांत किती दिवस फिरेल, याचा हिशेब गांवांतला कोणताहि लोहार बसल्या जागीं सांगेल. पण बिजागरीचें राहूं द्या; ती उत्तम पोलादाची आहे असें समजूं.

अशा एखाद्या दुपारीं डोंगरांतून आलेली म्हातारी डोळ्यांपुढें आणा. डोक्यावर गांठोडें आहे, कडेवर नातवंड आहे, गाडी तासाभरानें आहे. तिच्यापुढें भिंतीशीं मिटलेली एक रंगीत फळी आहे. ती तिला बांक म्हणून ओळखूंच येणार नाहीं. तिला ती कोणाच्या तरी दुकानाचें दार वाटेल, नाहीं तर निवडणुकीचा फलक वाटेल. आणि ती त्या आसनाच्या शेजारींच, त्याच भिंतीला पाठ लावून, जमिनीवर बसेल. ज्याला आसन ओळखूं येत नाहीं त्याच्यापुरतें तें नसतेंच. बरें, कोणीं तरी तिला सांगितलें, तरी उलगडावयास दोन मोकळे हात पाहिजेत. आणि मोकळे हात असले तरी धीर पाहिजे. कचेरींत, दुकानांत, दवाखान्यांत जिनें जन्मभर “हात लावूं नको” हेंच वाक्य ऐकलें, तिनें भर चौकांत एका अनोळखी वस्तूला हात घालून ती खालीं ओढावी, ही अपेक्षा करणारा मनुष्य तिच्या जगांत एक दिवसहि राहिलेला नाहीं. तें आसन उघडण्याचें धैर्य माझ्याजवळ आहे, माझ्या विद्यार्थ्याजवळहि आहे. आणि आम्हां दोघांच्याहि घरीं बसावयास खुर्ची आहे.

येथें दुसऱ्या बाजूनें एक आक्षेप येतो, आणि तो अधिक वजनाचा आहे. “तुम्हांला जुना पार हवा आहे, पण तो पार तरी सर्वांचा कोठें होता?” असें विचारणारे विचारतील. नव्हता, हें मोकळ्या मनानें कबूल केलें पाहिजे. वडाच्या पारावर कोणीं टेकावें, पायरीशीं कोणीं बसावें आणि दूर उन्हांत कोणीं उभें राहावें, हें गांवोगांव जातीनें ठरलेलें असे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना शाळेंत बसावयास घरून गोणपाट न्यावें लागे, ही हकीगत सर्वांस ठाऊक आहे. सार्वजनिक पैशांतून बांधलेले पाणवठे, विहिरी व धर्मशाळा अस्पृश्यांस खुल्या असाव्या, हा ठराव मुंबई कायदे कौन्सिलांत सी. के. बोले यांनीं १९२३ सालीं मांडला व तो संमत झाला. तरीहि महाडच्या चवदार तळ्याचें पाणी ओंजळींत घेण्यासाठीं १९२७ सालीं सत्याग्रह करावा लागला. ‘सर्वांसाठीं खुलें’ असें लिहून टाकल्यानें कोणतीहि जागा खुली होत नाहीं, एवढा धडा या इतिहासांतून आपण घेतला पाहिजे. जागेपाशीं आलेल्या माणसाला “मी येथें बसूं का?” असें मनांतल्या मनांतहि विचारावें लागतां कामा नये. जुना पार परत आणा असें मी म्हणत नाहीं. त्याचा एकच गुण मला हवा आहे: तो आठहि प्रहर उघडा असे व दुरून दिसे. त्याच्या भोंवतालची परवानगी मात्र मला नको आहे. घडीचें आसन याच्या नेमकें उलट करतें. पाराचा उघडेपणा तें काढून टाकतें आणि परवानगी नव्या रूपानें पुन्हां आणून बसवितें.

बायकांच्या बाबतींत तर हें फारच खरें आहे. शिल्पा फडके, समीरा खान व शिल्पा रानडे यांनीं मुंबईंतील स्त्रियांच्या रस्त्यावरील वावराचा अभ्यास करून २०११ सालीं ‘व्हाय लॉइटर?’ हें पुस्तक प्रसिद्ध केलें. पुरुष रस्त्यावर उगाच रेंगाळूं शकतो, बाईला मात्र आपण कोणत्या तरी कामासाठीं बाहेर आहों असें सतत दाखवीत राहावें लागतें, हें त्यांनीं त्यांत दाखवून दिलें आहे. मुंबईची ही कथा, तर तालुक्याच्या गांवाची काय सांगावी! आमच्या बसस्थानकावर एकटी बाई बसते ती पिशवी मांडीवर घट्ट धरून, नजर गाडीच्या वाटेकडे लावून. तिनें टेकतांच जर आसनांतून दिवे लागूं लागले व सूर निघूं लागले, तर ती तिच्या बसण्याची दवंडीच झाली. सगळ्या स्थानकाच्या माना तिकडे वळतील, आणि दुसऱ्या दिवशीं ती उभी राहील. तिला संवाद करणारें आसन नको आहे. ज्यावर बसलें तरी कोणाचें लक्ष जात नाहीं असें आसन तिला हवें आहे.

“मग सर, तुम्ही कलेचे वैरीच म्हणा ना!” हें माझ्या विद्यार्थ्याचें वाक्य मला येथूनच ऐकूं येतें. नाहीं. मांडणशिल्प या शब्दांतील मांडणी आमच्या तालुक्याला नवी नाहीं. भेंडवळची घटमांडणी वर्तमानपत्रें वाचणाऱ्या प्रत्येक शेतकऱ्यास ठाऊक आहे. अक्षय्य तृतीयेच्या सायंकाळीं तेथें एका शेतांत घट आंखून त्यांत कडेनें अठरा प्रकारचीं धान्यें मांडतात. मध्यें खड्डा करून त्यांत पावसाळ्याच्या चार महिन्यांचीं म्हणून चार ढेकळें ठेवतात, त्यांवर पाण्यानें भरलेली घागर, आणि तीवर पुरी, पापड, करंजी असे पदार्थ. रात्रभर तिकडे कोणी फिरकत नाहीं. पहाटे मांडणींत काय हललें, काय सरकलें तें पाहून वर्षाचें भाकीत सांगतात. धान्याच्या दाण्यावरून पाऊस कळतो असें मी मानीत नाहीं, आणि त्यावर कोणीं पेरणीचा हिशेब बसवूं नये असेंच म्हणेन. परंतु मांडणी म्हणून ती पाहण्यासारखी आहे. एका रात्रीपुरती ती असते, आपण कायमची आहों असा तिचा दावा नसतो, आणि ती पाहावयास दूरदूरचे शेतकरी येऊन उघड्या शेतांत मातीवरच बसतात. मुंबईंत काळा घोडा भागांत १९९९ पासून दरवर्षीं कलामहोत्सव भरतो. तेथें नऊ दिवस रस्त्यावर नानाप्रकारचीं शिल्पें मांडतात, लोक त्यांना हात लावतात, मुलें त्यांवर चढतात, आणि दहाव्या दिवशीं रस्ता पुन्हां रस्ता होतो. माझ्या विद्यार्थ्याचें आसन तेथें मांडलें तर मी स्वतः तिकीट काढून पाहावयास जाईन आणि तें उलगडूनहि पाहीन. उत्सवांतली कल्पना फसली तर कोणाचें कांहीं बिघडत नाहीं. लोक हंसतात व पुढें जातात. बसस्थानकावरचें आसन फसलें तर त्याची भरपाई कोणाच्या तरी गुडघ्यांना करावी लागते. दोन जागांचा हा भेद ज्याला कळत नाहीं त्याला कला कळत असेल, पण जागा कळत नाहीं.

आणि माणूस व आसन यांचा संवाद ज्याला खरोखर पाहावयाचा आहे त्यानें पॅरिसच्या लक्झेंबर्ग बागेंतील खुर्च्यांकडे पाहावें. तेथें लोखंडी खुर्च्या बागभर मोकळ्या पडलेल्या असतात. त्यांचा प्रसिद्ध नमुना १९२३ सालचा. एके काळीं त्यांवर बसण्याचें भाडें द्यावें लागे. पुढें तें बंद झालें. ज्याला ऊन हवें तो खुर्ची उन्हांत नेतो, ज्याला सांवली हवी तो झाडाखालीं ओढतो. दोघे मित्र भेटले तर खुर्च्या समोरासमोर येतात, भांडले तर पाठीला पाठ लागते. विल्यम व्हाइट या अमेरिकन अभ्यासकानें न्यूयॉर्कच्या चौकांत माणसें कशीं बसतात याचें वर्षानुवर्षें निरीक्षण करून १९८० सालीं पुस्तक लिहिलें. त्यानें एक मजेदार गोष्ट टिपली आहे. मोकळी खुर्ची मिळाली कीं माणूस बसण्यापूर्वीं ती थोडीशी सरकवितो, आणि कित्येकदां ती होती तेथेंच येऊन राहते. गरज नसतांना हा खटाटोप कशासाठीं? आपली जागा आपण ठरविली, या समाधानासाठीं. बिजागरी नाहीं, वीज नाहीं, सूर नाहीं. आणि तरी बसणाऱ्याचा हात आसनावर चालतो. घडीच्या आसनानें जें वचन दिलें आणि पाळलें नाहीं तें या चार पायांच्या साध्या खुर्चीनें पाळलें आहे.

“अशा खुर्च्या आपल्याकडे दोन दिवसांत चोरीला जातील,” हें यावर ठरलेलें उत्तर. कदाचित् जातील. परंतु चहाच्या टपरीपुढचा बांक रस्त्यावरच असतो, आणि तो वर्षानुवर्षें तेथें राहतो. कारण त्यावर दिवसभर कोणाची तरी नजर असते. तेव्हां प्रश्न लोकांच्या दानतीपेक्षां देखरेखीचा अधिक आहे. मात्र त्या बांकावर बसण्यासाठीं एक कप चहा घ्यावा लागतो. ब्रुन्सिंगच्या बांकाचाच तो सौम्य अवतार. ज्याच्याजवळ चहाचेहि पैसे नाहींत त्याला बसावयास जागा देणें हें नगराचें काम आहे, आणि तेवढ्याचसाठीं सार्वजनिक आसन असतें.

जागेच्या टंचाईचा एक मुद्दा राहिला. रस्ते अरुंद आहेत, मिटणारें आसन जागा वांचवितें, असें म्हणतात. ऐकावयास हें रास्त वाटतें. पण रस्त्याची जागा कोणीं खाल्ली? उभ्या केलेल्या मोटारसायकलींनीं, पुढें आलेल्या फलकांनीं, पुढाऱ्यांच्या वाढदिवसांच्या कमानींनीं. यांपैकीं कोणालाहि घडी घालून घे असें आपण सांगत नाहीं. अंग चोरून भिंतीशीं मिटावयाचें तें फक्त थकलेल्या माणसाच्या आसनानें, हा कोठला न्याय?

कांहीं वर्षांपूर्वीं एका गांवीं मला सिमेंटचा एक बांक भेटला. पाठीवर देणगीदाराचें नांव इतकें ठळक आणि उठावाचें होतें कीं टेकणाऱ्याच्या सदऱ्यावर तें उमटावें. बांक उघड्या उन्हांत होता, आणि दुपारीं बारा ते पांच त्यावर त्या नांवाखेरीज कोणीहि बसलेलें नव्हतें. म्हणून घडीचें आसन नको म्हणतांना हें सिमेंटचें चालेल असेंहि कोणीं समजूं नये. दोन्हीकडे चूक एकच आहे. आसन दिसावें म्हणून केलें जातें, बसावें म्हणून नव्हे. आमच्या वऱ्हाडानेंच जगाला गाडगेबाबा दिले. त्यांनीं पंढरपूर, आळंदी, देहू, नाशिक येथें धर्मशाळा उभारल्या, त्या कोणाला दाखविण्यासाठीं नव्हेत. थकून आलेल्या माणसाला डोक्यावर छप्पर आणि पाठीला जमीन हवी असते, हें त्यांना कोणत्याहि वास्तुविद्यालयांत न जातां समजलें होतें.

नुसतें नको म्हणून भागत नाहीं, म्हणून मला काय हवें तें सांगून संपवितों. आधीं सांवली, मग आसन. झाड असेल तर तें राखावें, नसेल तर लावावें व तोंवर छप्पर घालावें. बैठक जमिनीपासून सुमारें ४५ सेंटिमीटर उंच, म्हणजे गुडघेदुखीच्या माणसाला उठतांना कोणाचा हात मागावा लागत नाहीं. टोंकाला हात टेकावयास दांडा असावा. मध्यें मात्र नसावा, कारण तो कोणी निजूं नये म्हणून घातलेला असतो, आणि तापानें फणफणलेल्या माणसानें स्थानकावर आडवें होणें हा गुन्हा नव्हे. बैठक लांकडाची असावी. देणगीदाराचें नांव बोटाएवढें व बैठकीच्या खालच्या बाजूस असावें. ज्याला धन्यवाद द्यावयाचे आहेत तो वांकून वाचील. आणि गाडीच्या दारांतून उतरणाऱ्याच्या दृष्टीस तें आसन पहिल्या क्षणीं पडलें पाहिजे.

एवढें झाल्यावर, घडीवर तुझें इतकें प्रेमच असेल तर, ती सांवलीला घाल. आमच्याकडे सकाळचें ऊन एका अंगानें येतें आणि दुपारनंतरचें दुसऱ्या. पक्कें छप्पर एका वेळेपुरतें उपयोगी पडतें आणि तिसऱ्या प्रहरीं ऊन त्याखालून आंत शिरतें. बसलेल्या माणसाला उठावें न लागतां, एका दोरीनें, इकडून तिकडे ओढतां येईल अशी कापडाची पडवी तूं कर. दोरी म्हातारीच्या हाताला पोंचेल इतकी खालीं ठेव. ती वाऱ्यानें फाटली, दोरी तुटली, तरी खालचा बांक राहील. यांत तुझ्या बुद्धीला पुरेसें काम आहे, आणि तुझी ती ‘इंटरॅक्टिव्ह’ म्हणतात ती करामतहि आहे.

मात्र कागदावर पहिली रेघ ओढण्यापूर्वीं मे महिन्यांत एकदां गांवीं ये. दुपारीं दोनच्या सुमारास बसस्थानकावर तासभर नुसता उभा राहा. कोण कोठें बसतें, कोण उभें राहतें, कोणाच्या कडेवर मूल आहे, आणि कोण भिंतीच्या वीतभर सांवलींत पाय आंखडून आहे, तें नीट पाहून घे. मीहि येईन. आपण दोघेहि उभेच राहूं.